हादऱ्याची नोंद

सोन्याच्या खाणीतून सोनं फार थोडं निघतं. कर्नाटकातल्या हट्टीसारख्या खाणीत टनभर दगडामागे हाती येणारं सोनं तीन-चार ग्रॅमच्या घरात असतं आणि एक तोळा भरायला साडेअकरा ग्रॅमहून थोडं जास्त लागतं. म्हणजे लातूरच्या सराफ बाजारात कुणी लेकीच्या लग्नासाठी तोळाभर सोनं घेतलं, तर त्यामागे तीनेक टन दगड जमिनीखालून वर आलेला असतो. तो गिरणीत दळला जातो, सायनाइडच्या पाण्यात घोळला जातो, आणि सोनं काढून घेतल्यावर उरलेला राखाडी गाळ कुठल्यातरी गावाच्या शिवेवर रचून ठेवलेला असतो. सोनं विकलं जातं. गाळ गावाला राहतो. पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्यांचं काम मुख्यतः या राहिलेल्या गोष्टीशी असतं.

मी किल्लारीची. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून एका सल्लागार संस्थेत लागले आणि खाणी, क्रशर, कारखाने यांच्या पर्यावरण अहवालांसाठी गावोगाव फिरत राहिले. महाराष्ट्रात आज चालू अशी सोन्याची खाण नाही. मराठवाड्याला सगळ्यात जवळची म्हणजे रायचूर जिल्ह्यातल्या लिंगसुगूर तालुक्यातली हट्टी. नकाशावर किल्लारीहून खाली दक्षिणेला सरळ रेघ ओढली तर दोनशे किलोमीटरच्या आसपास. आणि हा मुलूख आपल्याला परका नाही. १९४७ साली ही खाण चालवणारी कंपनी हैदराबाद गोल्ड माइन्स या नावाने सुरू झाली, तेव्हा मराठवाडा आणि रायचूर एकाच निजामी राज्यात होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, रायचूर कर्नाटकात गेलं आणि कंपनीचं नाव हट्टी गोल्ड माइन्स झालं. माझं आजोळ बसवकल्याणकडचं, कानडी घरात ऐकलेलं, म्हणून त्या पट्ट्यातल्या एका प्रस्तावाचं काम निघालं तेव्हा गावांतल्या भेटीगाठी माझ्याकडे आल्या.

उमरगा, आळंद, कलबुर्गी, शहापूर, मग कृष्णा ओलांडून लिंगसुगूर. ज्याला दगड बघायची सवय आहे त्याने हा रस्ता एकदा तरी दिवसाउजेडी करावा. कलबुर्गीपर्यंत आपला काळा कातळ आणि काळी माती. पुढे शहाबादच्या फरशीचा चुनखडक, जी फरशी मराठवाड्यात घरोघर आहे. शहापूरच्या पुढे मोठमोठे गुलाबी-करडे धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसू लागतात. तो धारवाडी पाया, पृथ्वीवरच्या फार जुन्या खडकांपैकी. किल्लारीत तो दिसत नाही, पण तो पायाखाली आहे. १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतली, तेव्हा ३३८ मीटर काळ्या कातळाखाली आठ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली हाच जुना पाया लागला. हट्टीत जे उघड्यावर आहे ते आमच्याकडे झाकलेलं आहे. त्या भागात पहिल्यांदा उतरले तेव्हा हे डोक्यात होतं, आणि पुढे कामात ते सारखं येत राहिलं.

प्रस्ताव नव्या खाणीचा नव्हता. चालू कामकाजात बदल करायचा होता: जास्त दगड काढायचा, तो दळायची क्षमता वाढवायची, गाळ साठवायची जागा वाढवायची. असा बदल करायचा तर २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेतलं सातवं कलम लागू होतं. विस्तार, आधुनिकीकरण किंवा उत्पादनातला बदल या सगळ्याला पुन्हा मंजुरी लागते, आणि नव्याने किती अभ्यास करायचा, जनसुनावणी पुन्हा घ्यायची की नाही, हे तज्ज्ञ समिती ठरवते. कामाची रीत ठरलेली आहे. खाणीभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, पावसाळा सोडून एका हंगामाची हवा, पाणी, माती, आवाज मोजायचा, आणि प्रस्तावित बदलामुळे त्यात किती भर पडेल ते मांडायचं.

यातच या कामाची मोठी गोची आहे. आज मोजलेली हवा आणि आज मोजलेलं पाणी अहवालात ‘सद्यस्थिती’ म्हणून जातं आणि खाणीचा आघात म्हणून मोजली जाते ती फक्त वाढ. जिथे काहीच नव्हतं तिथे हे चालेल. पण जिथे पिढ्यानपिढ्या गाळ साचलाय, तिथे आधीचं सगळं ओझं मूळ परिस्थितीत जमा होतं आणि हिशेबातून निघून जातं. हट्टीच्या पट्ट्यात तर मूळ म्हणायचं तरी कशाला? इथे दोन हजार वर्षांपूर्वी माणसं आगीने दगड तापवून, फोडून सहाशे फुटांच्या आसपास खोल गेली होती. जवळच्या मस्कीला अशोकाचा शिलालेख आहे, ज्यात राजाचं नाव ‘अशोक’ असं स्पष्ट आलं आहे. १९१५ साली तो सापडला तोही सी. बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीतल्या इंजिनिअरला. एवढ्या जुन्या उकरलेल्या भूमीत एका हंगामाच्या आकड्यांना सद्यस्थिती म्हणून पुढे जायचं, हे मला कधी पटलं नाही. त्यामुळे दरवेळी मी जुने आकडे मागत गेले: ग्रामपंचायतीकडे, आरोग्य केंद्राकडे, पाणीपुरवठ्याच्या दप्तरात. मिळाले ते थोडे होते, पण तेवढ्यानेही चित्र बदलतं.

पाण्याचं काम मला मनापासून आवडतं. एकाच हापशाचं पाणी दोन बाटल्यांत घ्यायचं. पहिली बाटली गडद रंगाची, सायनाइडसाठी. तिच्यात कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकून सामू बाराच्या वर न्यायचा, नाहीतर सायनाइड वायू होऊन उडून जातं आणि प्रयोगशाळेत पाणी निर्मळ निघतं. दुसरी बाटली आर्सेनिकसाठी. तिच्यात नायट्रिक आम्ल टाकून सामू दोनच्या खाली आणायचा, नाहीतर धातू बाटलीच्या काचेला, प्लास्टिकला चिकटून राहतात. एकीत क्षार, दुसरीत आम्ल. उन्हात, भोवती पोरांचा घोळका, हातात मोजे, आणि यात अदलाबदल होता कामा नये. आम्लाचा थेंब सायनाइडच्या बाटलीत गेला तर नमुना तर वाया जातोच, शिवाय विषारी वायू सुटतो. मी चिठ्ठ्या आधी लावते आणि थेंब नंतर टाकते. दोन्ही बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून झाकण लागलं की मगच पोरांशी बोलते.

लोकांना भीती सायनाइडची. नावच तसं आहे, आणि भीती खोटी नाही. ३० जानेवारी २००० रोजी रोमानियात बाया मारे इथे गाळाच्या तलावाचा बांध फुटला, लाखभर घनमीटर सायनाइडचं पाणी नद्यांत गेलं, पुढे हंगेरीत तिसा नदीपर्यंत मासे मेले. म्हणून बांधाची उंची वाढवायचा प्रस्ताव आला की मी ते प्रकरण शब्दन् शब्द वाचते. पण सायनाइड उन्हात, हवेत हळूहळू तुटतं. आर्सेनिक तुटत नाही. या पट्ट्यात सोनं ज्या खनिजांच्या सोबतीने सापडतं त्यातच आर्सेनोपायराइट आहे, म्हणजे लोखंड, गंधक आणि आर्सेनिक. दगड जमिनीखाली आहे तोवर ते बरंचसं बांधलेलं असतं. दळून उघड्यावर ठेवलं की हवा-पाण्याला वाट मिळते.

हट्टीच्या उत्तरेला यादगीर जिल्ह्यात मंगळूर नावाची जुनी, बंद पडलेली सोन्याची खाण आहे. तिच्याजवळच्या किरदळ्ळी तांड्यावर लोकांच्या तळहातांवर, तळपायांवर कडक गाठी आणि अंगावर काळे-पांढरे डाग दिसू लागले. जादवपूर विद्यापीठाच्या दीपांकर चक्रवर्ती यांच्या गटाने तिथल्या पाण्याचा आणि माणसांचा अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. पाण्यात आर्सेनिक होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. तांड्यावरच्या बायांनी त्या पाण्यावर वर्षानुवर्षं स्वयंपाक केला होता. लातूर-नांदेडच्या तांड्यांवर जी गोरबोली बोलतात तीच तिथली बोली. मी तो अहवाल वाचला तेव्हा मला आमच्याकडचे तांडे दिसले, आणि तेव्हापासून मी हापशावर पाणी घेताना पाणी भरणाऱ्या बाईचा तळहात बघते. ‘अक्का, हात दाखवा’ म्हटलं की आधी लाजतात, मग दाखवतात. अहवालाच्या नमुन्यात याला रकाना नाही. मी वहीत लिहिते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

जमिनीखाली सुरुंग उडतो तेव्हा वरच्या गावात एक दबका ठोका येतो. पायाला कळतो, मग भांड्यांना. हा हादरा मोजायला यंत्र असतं. त्याचा जिओफोन जमिनीत खिळ्यांवर रोवायचा, वर वाळूची पिशवी ठेवायची, म्हणजे तो उडी मारत नाही. जमिनीचे कण सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलले, तो आकडा मिळतो. मी यंत्र लावलं होतं ते एका म्हाताऱ्या अव्वांच्या अंगणात. घर दगड-मातीचं, भिंती दीड हात जाड, वर लाकडाच्या सरी, त्यावर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. माळवद. आमच्याकडे अशीच घरं होती.

अव्वांना सुरुंगाची वेळ ठाऊक होती. त्या वेळेआधी त्या भांड्यांच्या उतरंडीवरचं वरचं मडकं खाली काढून ठेवायच्या आणि नातवाला पडवीतून अंगणात बोलवायच्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मी बघितलं. मग विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वी मडकं हलायचं नाही, आता हलतं. भिंतीतल्या तड्यात त्यांनी शेण-माती भरली होती आणि ती पुन्हा उलली होती. तड्याच्या दोन टोकांना कोळशाने खुणा केलेल्या होत्या. खाली गेलेली खूण नवी होती. यंत्राने दाखवलेला आकडा मर्यादेच्या आतच होता.

मर्यादा कुठून येते ते सांगायला हवं. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक आहे. खाणीच्या मालकीचं नसलेलं राहतं घर असेल तर हादऱ्याचा वेग, कंपनं सावकाश असतील तेव्हा, सेकंदाला ५ मिलिमीटर. मध्यम असतील तेव्हा १०. जलद असतील तेव्हा १५. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना २, ५ आणि १०. आणि राहत्या घरांच्या त्या एका ओळीत कच्चं घर आणि विटा-सिमेंटचं घर एकत्र बसवलेलं आहे. दोघांना मर्यादा तीच.

किल्लारीच्या माणसाला ही ओळ शांतपणे वाचता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. भूकंप ६.२ तीव्रतेचा, जगाच्या मानाने मध्यम. पण सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या जवळपास माणसं गेली, ती भिंतींनी आणि माळवदांनी मारली. चिखलात रचलेला दगड हादऱ्याने सुटा झाला आणि वरची माती घरभर खाली आली. आमच्या घरातली आजी आणि काका त्यातच गेले. मी लहान होते, म्हणून आईच्या कुशीला अंगणाकडच्या ओसरीत होते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो हादरा न सांगता आला नव्हता. ऑगस्ट १९९२ पासून किल्लारीला धक्के बसत होते, जमिनीतून गुरगुर ऐकू येत होती. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यातला सगळ्यात मोठा. मार्च १९९३ पर्यंत लोक ते मोजत होते, एकमेकांना सांगत होते, काहीजण बाहेर झोपत होते. मग धक्के थांबले, आणि लोक घरात आले. देशाच्या १९८४ च्या भूकंप नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. म्हणजे नकाशा आधी चूक होता आणि माणसांना पायाखाली जाणवत होतं ते खरं होतं.

मी असं म्हणत नाही की खाणीच्या सुरुंगाने किल्लारीसारखा भूकंप होतो. होत नाही. दोन्हींतली ताकद अतोनात वेगळी आहे. पण घर पडतं तेव्हा ते एकट्या हादऱ्याने पडत नाही. ते कशाने बांधलंय, आधी किती सैल झालंय, यावरही ठरतं. चिखलात बसवलेला दगड रोज थोडा हलत असेल तर पुढच्या पावसाळ्यात तो कुठे जाईल, हे एका सुरुंगाच्या आकड्यावरून कळत नाही. आणि पाळ्या वाढणार, स्फोट वाढणार, हाच तर बदलाचा प्रस्ताव असतो.

मी परत येऊन अहवालाच्या मसुद्यात तीन गोष्टी घातल्या. वर्तुळातल्या माळवदाच्या घरांची यादी, घराच्या फोटोसकट, तडे कुठे आणि किती रुंद. लोकांनी हादऱ्याबद्दल काय सांगितलं त्याची तारीखवार नोंद. आणि शिफारस अशी, की अशा घरांना परिपत्रकातली नाजूक वास्तूंची मर्यादा लावावी. आमच्या कार्यालयातले ज्येष्ठ सर म्हणाले, ऐकीव माहिती तांत्रिक अहवालात जात नाही. मी म्हटलं, सर, तड्याला कोळशाने खूण करून महिन्यामहिन्याला बघणं ही मोजणीच आहे, फक्त मोजणाऱ्याला पगार नाही. ते बराच वेळ फोटो बघत राहिले. त्यांनाही घर होतं, खेड्यातलं. शेवटी यादी आणि फोटो परिशिष्टात गेले, शिफारस गेली नाही.

अहवाल करणाऱ्या संस्थेला पैसे प्रकल्प मांडणारी कंपनीच देते, ही देशभरातली व्यवस्था आहे. संस्थेला मान्यता लागते, तज्ज्ञांची नावं आणि सह्या लागतात, सगळं खरं. तरी ज्याने पैसे दिले त्याचं काम वेळेत मार्गी लागावं, हा दाब प्रत्येक पानावर असतो. यात माणसं वाईट असतात असं नाही. मी खूप चांगल्या माणसांबरोबर काम केलंय. पण अहवालाचा खर्च एका स्वतंत्र निधीतून व्हावा आणि संस्थेची निवड कंपनीच्या हातात नसावी, हे माझं मत दर कामागणिक पक्कं होत गेलं आहे.

त्यामुळेच जनसुनावणीला मी फार मानते. आधीच्या पर्यावरण आघात अधिसूचनेत १९९७ साली झालेल्या दुरुस्तीने ती आपल्याकडे आली. जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हाधिकारी अध्यक्ष, प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजक, किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात, अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत बघायला ठेवायचा, त्याचा गोषवारा स्थानिक भाषेत. बोललेलं सगळं चित्रित होतं, इतिवृत्त तिथेच वाचून दाखवायचं असतं, आणि प्रत्येक मुद्द्याला कंपनीने अंतिम अहवालात उत्तर द्यायचं असतं. माणसं किती यावीत याची किमान अट मात्र नाही. दहा आली तरी सुनावणी झाली.

मी अशा मांडवांत बसले आहे जिथे लोक नोकऱ्यांबद्दल आणि रस्त्याबद्दल बोलले आणि पाण्याबद्दल कुणी बोललंच नाही. नोकरी मागण्यात गैर काही नाही. खाणीच्या पगारावर गावंच्या गावं उभी आहेत, आणि कोलारची खाण २००१ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाली तेव्हा तिथल्या कामगारांवर काय आलं ते सगळ्यांनी बघितलं. तिथे गाळाचे ढिगारे तसेच उरले, वाऱ्यावर त्यांची धूळ वस्तीत येते आणि लोक त्यांना आजही ‘सायनाइड डंप’ म्हणतात. पगार थांबला तरी ढिगारे राहिले. म्हणून नोकरीचा प्रश्न विचारताना खाण बंद झाल्यावरच्या गाळाचाही प्रश्न त्याच दमात विचारायला हवा.

किल्लारीच्या पुनर्वसनाने मला एक गोष्ट दाखवली. बावन्न गावं पूर्ण नव्या जागी उठवली गेली. जिथे बायांना विचारलं की चूल कुठे, गोठा कुठे, पाणी कुठून, तिथली घरं लोकांनी आपलीशी केली. जिथे विचारलं नाही तिथे चौकटीच्या रस्त्यांवरच्या घरांना लोकांनी नंतर आपल्या हाताने पत्रे, पडव्या जोडल्या. विचारल्याने काम लांबत नाही. न विचारल्याने ते दोनदा करावं लागतं.

लातूर, नांदेड, धाराशिवमध्ये सोन्याची खाण येणार नाही. पण दगडखाणी आणि क्रशर गावोगाव आहेत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात सांगितल्यापासून पाच हेक्टरहून लहान दगडखाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते. लहान एकट्या खाणीला जनसुनावणी सहसा होत नाही, म्हणून तिथे लेखी अर्ज हाच आवाज. आणि किल्लारीच्या आसपास जुन्या माळवदाची घरं अजून उभी आहेत, माणसं त्यात अजून राहतात.

तेव्हा तुमच्या शिवारात खाणीच्या विस्ताराची जाहिरात निघाली तर ग्रामपंचायतीत जाऊन मसुदा मागा, मराठी गोषवारा मागा. घराच्या तड्याचा फोटो आजच काढा, शेजारी तारीख लिहिलेला कागद धरून. विहिरीचं, हापशाचं पाणी काम वाढण्याआधी तपासून घ्या, कारण नंतरच्या आकड्याला आधीचा आकडा नसेल तर तो कुठेच उभा राहत नाही. सुरुंगाची वेळ आणि जाणवलेला हादरा वहीत लिहा. आणि हे सगळं जिल्हाधिकारी कार्यालयात व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी द्या, तारखेचा शिक्का मारून पोच घ्या, आणि त्या पोचेची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा.